एल्डनचं कथील

एल्डन रूशने आयुष्यभर टोमणे गिळले होते. जिल्हा कचेरीत घरपट्टी ठरवणाऱ्या माणसाला ते गिळावेच लागतात. ज्याच्या घराची किंमत जास्त लावली तो शिव्या देतो, आणि ज्याच्या घराची कमी लावली तो अपमान झाला म्हणून आणखी शिव्या देतो. पण निवृत्त झाल्यावर, गावच्या खानावळीत शुक्रवारी तळलेल्या माशांची जी पंगत बसते त्या पंगतीत, निम्म्या न्यू लिंडन गावासमोर मेव्हण्याने जे वाक्य टाकलं, ते काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"एल्डन," मेव्हणा व्हर्लिन लेम्के माशावर लिंबू पिळत म्हणाला, "तू ओतलेल्या गोळ्या पाहिल्या मी काल क्लबात. मला वाटलं, कोणाच्या तरी मनुका सांडल्यात."

पंगत खदखदून हसली. एल्डनची बायको आर्डिस, म्हणजे व्हर्लिनची सख्खी बहीण, तीही हसली. मग नवऱ्याकडे लक्ष जाताच तिने खोकला काढला.

"शिशात थोडं कथील घालावं लागतं रे," व्हर्लिन पुढे म्हणाला. "नुसतं शिसं साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, सुरकुत्या पडतात. माझ्याकडे आहे शिल्लक. देऊ थोडं?"

"नको," एल्डन म्हणाला, आणि त्याने राय पावाचा तुकडा असा काही चावला की टेबलावरची मोहरीच्या चटणीची बाटली हलली.

प्रकरण नुसत्या गोळ्यांचं असतं तर मिटलं असतं. पण न्यू लिंडनच्या बंदूक क्लबात दर सप्टेंबरात एक सामना होतो, आणि विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात त्या सामन्याला जो मान आहे तो निवडणुकीला नाही. पणजोबांच्या काळातल्या धर्तीची एकबारी रायफल, तिच्यात काळी दारू, आणि समोर माळावर लोखंडी जनावरं उभी. जवळ कोंबड्या, मग डुकरं, मग टर्की आणि पार टेकडीच्या पायथ्याशी मेंढे. जनावराला नुसतं लागून चालत नाही, ते आडवं पडलं पाहिजे. आणि मुख्य अट अशी की गोळी ज्याची त्याने ओतलेली हवी. विकतची गोळी आणणं म्हणजे चर्चच्या जेवणाला दुकानातला केक नेण्यासारखं होतं. तसं एका माणसाने एकदा केलं होतं, आणि तो पुढे आयोवात राहायला गेला.

जिंकणाऱ्याला एक झाकणवाला मोठा मग वर्षभर घरी न्यायला मिळे, आणि त्यावर त्याचं नाव कोरलं जाई. हा मग चांदीचा आहे असं आर्डिसचे वडील ऑगस्ट लेम्के सांगत. सामना त्यांनीच सुरू केला, तो मगही त्यांनीच दिला आणि पहिलं नावही त्यांचंच होतं. तेव्हा चांदी खरी का म्हणून विचारायची कोणाची छाती नव्हती. खाली व्हर्लिनचं नाव इतक्यांदा आलं होतं की कोरणारा हल्ली विचारतही नसे. एल्डनचं नाव एकदाही नव्हतं. त्याने तो मग कधी हातातसुद्धा धरला नव्हता. दरवर्षी लांबून त्याला दिसे तो व्हर्लिनचा जाडजूड पंजा आणि त्यातून डोकावणारी काळपट कड.

त्यात या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चाललाय. शस्त्रक्रिया हिवाळ्यात. त्यानंतर नजर येईल, पण रायफलीच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या खुणेवर, पूर्वीसारखी बसेल की नाही, याची हमी डॉक्टर देईना. म्हणजे हा सप्टेंबर कदाचित शेवटचा. हे एल्डनने कोणाला सांगितलं नाही, फक्त आर्डिसला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने तीच बशी पुन्हा पुसली.

तर कथील हवं होतं, आणि ते व्हर्लिनकडून नको होतं. दुकानातून नवं घेणं एल्डनच्या स्वभावात बसत नव्हतं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या गोठ्यांची किंमत लावली त्याला कुठल्याही वस्तूची छापील किंमत म्हणजे लबाडीच वाटते. यावर तोडगा काढला शेजारच्या डेल्मर पिश्केने. डेल्मर निवृत्त प्लंबर आणि क्लबचा चिटणीस. त्याचं निम्मं आयुष्य कुंपणावर कोपर टेकून गेलं होतं.

"प्यूटर गोळा कर," डेल्मर म्हणाला.

"म्हणजे त्या जुन्या राखाडी भांड्यांचं?"

"तेच. म्हाताऱ्यांच्या कपाटात असतात बघ, प्यायचे मग, बश्या, मेणबत्तीची घरं. बहुतेक सगळं कथीलच असतं त्यात. तरुण पोरांना ते नको असतं आणि म्हाताऱ्यांना ते पुसायचा कंटाळा येतो. जुन्या बाजारात पडून असतं. फक्त एक लक्षात ठेव, जस्त घेऊ नकोस. दिसायला सारखंच, पण भांड्यात पडलं की सगळ्या शिशाची लापशी होते."

"ओळखायचं कसं?"

"वाकवून बघायचं. प्यूटर वाकतं, जस्त मोडतं."

एल्डनने मान डोलावली आणि हे लक्षात ठेवायचं ठरवलं. डेल्मरचे सल्ले लक्षात ठेवायचे तो नेहमीच ठरवत असे.

त्या उन्हाळ्यात शनिवार आला की एल्डन पहाटेच गाडी काढून निघे. लोकांच्या गॅरेजमध्ये मांडलेले बाजार, चर्चच्या तळघरातले बाजार, धर्मादाय दुकानं, कोणी वारल्यावर घर रिकामं करताना होणाऱ्या विक्र्या, कुठेही तो सर्वांआधी हजर. धंद्याच्या खुब्याही त्याने शिकून घेतल्या. भांडं हाती घेतल्यावर डोळे विस्फारायचे नाहीत. "माझ्या मावशीकडे असंच होतं," म्हणायचं नाही, कारण मावशी म्हटली की किंमत चढते. आणि पैसे दिल्याबरोबर, गाडीशी पोचताच, भांडं जमिनीवर ठेवून टाचेने चपटं करायचं. गाडीत जागा कमी लागते हे वरचं कारण. खरं कारण असं की एकदा चपटं झालं की "अहो थांबा, ते आमच्या आईचं आहे, चुकून ठेवलं गेलं," असं म्हणत कोणी मागे धावत येत नाही.

पहिल्याच शनिवारी तो एक भलंमोठं, चकचकीत ताट घेऊन आला. त्यावर द्राक्षांचे घोस होते. वाकवून बघायचं त्याच्या लक्षात होतं, पण ताट इतकं देखणं होतं की वाकवायला हात होईना. ते त्याने तसंच जुन्या शिशाच्या कढईत सोडलं आणि वितळत नाही म्हणून आच वाढवली. वितळलं. मग शिशावर जो दाटसर, गुठळ्यांचा थर आला तो पाहून आर्डिस म्हणाली, "दूध घालू का?"

चाकं बदलणाऱ्या दुकानदाराच्या हातापाया पडून, चाकांना लावायची शिशाची वजनं मागून वर्षभर जमवलेलं सगळं शिसं वाया गेलं, आणि पुन्हा मागायची वेळ आली. डेल्मर कुंपणावरून म्हणाला, "मी सांगितलं होतं." हे वाक्य त्याने त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे तो नुसता भुवया उडवू लागला.

दुसरी अडचण आली ती सरकारदरबारातून. वितळलेल्या शिशातला मळ वर यावा म्हणून त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकतात. त्याचा धूर होतो आणि सगळ्या आळीला वाढदिवस संपल्यासारखा वास येतो. एके दिवशी ग्रामकचेरीतल्या मिस होल्ट्झ दारात उभ्या राहिल्या. गेली कित्येक वर्षं त्या कचेरीचा कारभार त्याच बघत, आणि अध्यक्ष कोणीही असला तरी फरक पडत नसे.

"मिस्टर रूश, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. निवासी भागात धातू वितळवता येत नाही. कलम आहे."

"असलं खुळचट कलम कोणी घातलं?"

"तुम्ही," मिस होल्ट्झ म्हणाल्या. "तुम्ही बांधकाम समितीवर होतात तेव्हा. मसुदा तुमच्या हातचा आहे. अक्षर सुरेख होतं तुमचं."

एल्डनला अंधुक आठवलं. कोणीतरी परसात तांब्याच्या तारा जाळत होता, आणि आपण टेबलावर मूठ आपटून भाषण केलं होतं. भाषण चांगलं झालं होतं.

"पण तक्रार केली कोणी?"

"फोनवर नाव नाही सांगितलं. बाईंचा आवाज होता. वाळत घातलेल्या चादरींना मेणाचा वास येतो म्हणाल्या." "आवाज ओळखीचा वाटला, पण मी कचेरीचं माणूस. मी अंदाज करत नाही."

आतल्या खोलीत आर्डिस एकाएकी फार जोरात नळ सोडून भांडी धुवायला लागली.

मार्ग एल्डनच्याच कलमातून निघाला. त्याच पानावर खाली त्यानेच लिहिलं होतं की परसात अन्न शिजवायला हरकत नाही, आणि त्यासाठी किती शेगड्या पेटवाव्यात यावर बंधन नाही. तेव्हा अंगणाच्या एका टोकाला शिशाची शेगडी आणि पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सॉसेजची शेगडी अशी मांडणी झाली. दिवसभर सॉसेज भाजली जात. मिस होल्ट्झ पाहणीला आल्या, उभ्या उभ्या एक सॉसेज पावात घालून खाल्लं, आणि "स्वयंपाक चालू आहे" असा शेरा मारून गेल्या. पुढे त्या दर शनिवारी पाहणी करू लागल्या. मोहरीची चटणी घरून आणत.

पण खरी अडचण निराळीच होती, आणि ती एल्डनच्या स्वभावातली होती. प्यूटरच्या भांड्यांवर लोक काही ना काही कोरून ठेवतात.

एक इवलासा पेला त्याने आणला होता. चपटा करायला तो इतका लहान होता की तसाच खिशात घातला. घरी कढईवर धरला आणि सवयीने वाचला. 'कोरिन हिला, पहिल्या दाताबद्दल, टिली आजीकडून.' एल्डनचा हात तसाच राहिला. त्याने पेला खाली ठेवला. मग दुसरं भांडं घेतलं, तर ते तबक निघालं: 'तीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल.' निष्ठावंत सेवा केलेल्या माणसाच्या घरच्यांनी ते एका डबाभर बटणांबरोबर विकलं होतं. एल्डननेही नोकरी निष्ठेनेच केली होती. त्याने तबकही खाली ठेवलं. तिसऱ्यावर कोणाचं लग्न होतं.

ऑगस्ट महिना उजाडेपर्यंत गॅरेजच्या फळीवर परक्यांची बारशी, लग्नं, निवृत्त्या आणि एका डुकराला मिळालेलं पहिलं बक्षीस अशी रांग लागली, आणि कढईत मात्र कथील नव्हतं.

"अनाथालय काढलंयस तू," आर्डिस फळीकडे बघत म्हणाली. "एल्डन, त्यांच्या सख्ख्या नातवंडांना ती नकोयत. तुला कशाला कळवळा?"

"वाचलं की होत नाही गं."

"मग वाचू नकोस."

इतकी सोपी गोष्ट होती. त्या दिवसापासून एल्डनने नियम केला. भांडं हातोड्याखाली घेण्याआधी नेहमीचा चष्मा काढायचा आणि ठिणग्यांपासून डोळे वाचवायचा, बिननंबरचा चष्मा चढवायचा. त्या चष्म्यातून आणि त्या मोतीबिंदूतून त्याला भांडं दिसे तेच मुळात ढगासारखं. अक्षरं कुठली दिसायला? बाजारातसुद्धा तो आता चष्मा खिशात ठेवूनच खरेदी करी. हाताने चाचपायचं, थोडं वाकवायचं, पैसे द्यायचे, टाच मारायची. लोकांना वाटे, बिचारा आंधळा होत चाललाय. किंमतही जरा कमी सांगत. यात फसवणूक आहे का, याचा एल्डनने विचार केला आणि अर्धा दोष डॉक्टरवर टाकला.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात ल्युथरन चर्चच्या तळघरातल्या बाजारात त्याला घबाड सापडलं. टेबलाखालच्या खोक्यात एक चांगला जड, काळा पडलेला मग. आत बोटांना चमच्यांचे ओरखडे लागले, म्हणजे कोणीतरी तो ओट्यावर चमचे उभे करायला वापरत असणार. झाकण सुटून दुसऱ्या खोक्यात पडलं होतं. त्याच्या टोकाला बोंडासारखी ओकची बी होती, चांगली भरीव. वाकवून बघितलं, वाकलं. अस्सल माल. तळघर चढून वर येताच एल्डनने टाच मारली.

दुपारी कढईखालची शेगडी पेटली. त्याने नेहमीचा चष्मा काढला. त्या मगाचे हातोड्याने चार तुकडे केले आणि झाकणासकट शिशात सोडले. प्यूटर शिशापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. तुकडे पाघळले, पण ते ओकचं बोंड भरीव असल्याने थोडा वेळ टिकलं. रुपेरी शिशावर ते हळूहळू गोल फिरत राहिलं. आर्डिस सॉसेज उलटायचा चिमटा हातात घेऊन शेजारी येऊन उभी होती.

"किती गोड दिसतंय. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "काढून ठेवायचं का?"

"वाचायचं नाही आणि बघायचंही नाही," एल्डन म्हणाला आणि त्याने पळीने ते खाली दाबलं.

त्या दिवशी साच्यातून ज्या गोळ्या पडल्या त्या पाहून डेल्मर कुंपण ओलांडून आला. तो सहसा कुंपण ओलांडत नाही. गोळ्या गुळगुळीत, कडा धारदार, चांदीसारख्या झळझळीत. एकीवरही सुरकुती नव्हती. डेल्मरने एक उचलली, उलटसुलट केली आणि भुवया उडवल्या नाहीत. एल्डनला त्याहून मोठी पावती आजवर कोणी दिली नव्हती.

सामन्याचा दिवस स्वच्छ उजाडला. नेमबाजाच्या शेजारी दुर्बीण लावून एक जण बसतो आणि गोळी कुठे पडली ते सांगतो, अशी पद्धत आहे. एल्डनची दुर्बीण आर्डिसकडे असे. ती हे काम वडिलांकडे शिकली होती. एल्डनला हल्ली मेंढा म्हणजे माळावरचा एक धूसर ठिपका दिसे. त्या ठिपक्याच्या कुठल्या अंगाला नेम धरायचा ते आर्डिस सांगे, आणि आयुष्यात इतकं आज्ञाधारकपणे तो फक्त त्याच वेळी वागे.

कोंबड्या पडल्या. डुकरं पडली. टर्कीमधली एक हलली, डुलली आणि उभी राहिली. पण व्हर्लिनचीही एक राहिली. मेंढ्यांपर्यंत दोघे बरोबरीत आले. मग व्हर्लिनने एक सोडून सगळे मेंढे पाडले. उरला तो रांगेतला अगदी उजवीकडचा. त्याला सगळे हेडमास्तर म्हणत, कारण तो कोणापुढे वाकत नसे. टेकडीच्या खिंडीतून येणारा वारा नेमका त्याच्यासमोर गोळी बाजूला ढकले. खुद्द ऑगस्ट लेम्के जन्मभर त्याच्यावर गोळ्या झाडत आले आणि तो काही त्यांच्याकडून पडला नाही. शेवटच्या आजारात गुंगीतसुद्धा ते "उजवीकडे, जरा उजवीकडे" म्हणत होते. पाद्रीबुवांना वाटलं, त्यांना स्वर्गाची वाट दिसतेय.

एल्डनचेही बाकीचे सगळे पडले. शेवटची गोळी, समोर हेडमास्तर.

"वारा आहे, थांब," आर्डिस पुटपुटली. दुर्बिणीतून गवत बघत होती. "थांब रे... अजून... आता. जरा उजवीकडे."

एल्डनने चाप ओढला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि त्याला तर काहीच दिसेना. आधी आर्डिसने त्याचा दंड घट्ट धरला. मग पुष्कळ वेळाने, लांबून, देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. हेडमास्तर आडवे झाले होते.

एल्डन उठला. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. व्हर्लिनही आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मनुका आवडतात मला. आधीपासून." व्हर्लिनकडून माफी यायची ती अशीच, आणि एल्डनने ती घेतली. त्याला एवढंच कळत होतं की आपलं नाव आता त्या मगावर येणार, ऑगस्टच्या खाली, आणि हिवाळ्यात डोळ्याचं काहीही होवो.

"तो मग आण रे," डेल्मर व्हर्लिनला म्हणाला.

व्हर्लिनने बायकोकडे बघितलं. "नोला, तो मग कुठाय? सकाळी गाडीत ठेव म्हटलं होतं ना?"

"कुठला मग?" नोला म्हणाली. कोबीच्या कोशिंबिरीचं भांडं तिच्या हातात होतं. "तो चमच्यांचा?"

"चमच्यांचा?"

"ओट्यावर होता ना, चमचे ठेवायचा. तो मी चर्चच्या बाजाराला दिला."

व्हर्लिन दोन पावलं तिच्याकडे गेला.

"अगं तो बाबांचा मग! चांदीचा!"

"चांदीचा?" नोलाचाही आवाज चढला. "घासून घासून माझी मनगटं गेली, तरी काळा तो काळाच! चांदी असती तर मी दिली असती का? आणि इतका मोलाचा होता तर सांगायचंस! झाकणसुद्धा सुटलं होतं त्याचं, ते ओकच्या बोंडाचं."

एल्डनच्या डोळ्यांसमोर ते बोंड रुपेरी शिशावर सावकाश गोल फिरायला लागलं. त्याने आर्डिसकडे बघितलं. आर्डिस त्याच्याकडेच बघत होती. मग दोघांनी मिळून टेकडीकडे बघितलं.

व्हर्लिन आता लालबुंद झाला होता, पण ओरडत नव्हता. तो टोपी काढून नुसता उभा होता. नोलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एल्डनला कित्येक वर्षं वाटत आलं होतं की एकदा तरी व्हर्लिनची चारचौघांत फजिती व्हावी आणि आपण ती बघावी. ती समोर आली, आणि त्याला ती अजिबात बघवेना.

"नोलाला बोलू नकोस," एल्डन म्हणाला. "मी घेतला तो."

"तू? बरं झालं! कुठाय?"

"टेकडीत."

कोणालाच कळेना. एल्डनने पेटी उघडून उरलेली एक गोळी तळहातावर ठेवली. उन्हात ती चमकली.

"चष्मा काढून वितळवला," तो म्हणाला. "वाचलं की मला होत नाही, म्हणून वाचायचं सोडलं होतं. ऑगस्टचं नाव होतं त्याच्यावर. मला दिसलं नाही. वाईट वाटतं रे."

डेल्मर चिटणीस होता. अशा प्रसंगी चिटणिसाने काहीतरी म्हणायला हवं असं त्याला वाटलं. "नियमात बसतं," तो घसा साफ करून म्हणाला. "धातू ज्याने त्याने जमवावा, गोळी ज्याने त्याने ओतावी. बक्षीस झाडू नये असं कुठे म्हटलेलं नाही." मग त्याने थोडा विचार केला. "पुढच्या वर्षीपासून म्हणू."

व्हर्लिन पुढे आला. त्याने ती गोळी उचलली, चिमटीत धरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. एल्डनला वाटलं, आता हा आपल्या तोंडावर फेकून मारणार.

"व्हर्लिन," आर्डिस हळूच म्हणाली, "हेडमास्तरला ह्यातलीच लागली."

व्हर्लिनने मान वर केली.

"बाबांना जन्मात पडला नव्हता तो," आर्डिस म्हणाली. "आज पडला."

व्हर्लिनचा चेहरा आधी कसनुसा झाला. मग त्याच्या त्या एवढ्या मोठ्या पोटातून एक आवाज निघाला, आणि तो हसतोय की रडतोय हे नोलाला जवळ जाऊन बघावं लागलं. तो दोन्ही करत होता. त्याने टोपीने नाक पुसलं, गोळी शर्टाच्या खिशात टाकली आणि वर बटण लावलं. त्यानंतर कोशिंबिरीला सुरुवात झाली.

नव्या बक्षिसाचा प्रश्न मात्र राहिला. क्लबाकडे पैसे नव्हते आणि दुकानातलं प्लास्टिकचं बक्षीस कोणाला नको होतं. शेवटी आर्डिस गॅरेजमध्ये गेली आणि एल्डनच्या अनाथालयातून एक भांडं उचलून आणलं. एल्डनने थोडे आढेवेढे घेतले, पण बायको हातात भांडं घेऊन उभी असली की त्याचं फार चालत नाही.

तेव्हापासून न्यू लिंडनच्या बंदूक क्लबाचं मानचिन्ह म्हणजे एक इवलासा पेला आहे. त्यात एक घोटसुद्धा धड मावत नाही. पण पुढच्या सामन्यासाठी व्हर्लिन आतापासूनच रोज माळावर जातो, आणि नोलाने ओट्यावर चमच्यांसाठी बरणी आणली आहे.

एल्डनची शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. पट्टी सुटल्यावर घरी येताच त्याने कोट न काढता फळीवरून पेला घेतला आणि चष्मा लावला. खिडकीशी उजेडात नेऊन त्याने तो सावकाश वाचला, अगदी वरपासून. 'कोरिन हिला, पहिल्या दाताबद्दल, टिली आजीकडून.' आणि खाली, नव्या कोऱ्या अक्षरांत: 'एल्डन रूश.'